धुकेदिव्याचा जीर्णोद्धार

गेल्या आषाढांत आमच्या एका स्नेह्याबरोबर जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें खंडाळ्याचा घाट उतरण्याचा योग आला. गाडी होती १९४७ सालची एम्. जी. टी. सी.; दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, लांब नाकाची. आमच्या स्नेह्याचा तिच्यावर पोटच्या मुलासारखा जीव. तिच्या पुढच्या बाजूस, मोठ्या दोन दिव्यांखालीं डाव्या अंगास, एक लहानसा धुकेदिवा आहे. ज्याला मोटारवाले फॉग लॅंप म्हणतात तो. वयोमानानें तो आंतून तपकिरी पडला होता. म्हणून एका कारखान्याकडून तो नुकताच दुरुस्त करून आणला होता. दुरुस्ती मोठी झगझगीत झाली होती. आंतील आरशावर क्रोमचा मुलामा चढविला होता, आणि एवढें करूनहि उजेड मंद पडतो असें दिसून येतांच कारखानदारानें जुना तंतूचा बल्ब काढून त्या जागीं नव्या तऱ्हेचा पांढऱ्या शुभ्र प्रकाशाचा एल्. ई. डी. बल्ब बसविला होता. दिवसा उजेडीं भिंतीवर त्याचा झोत पाहून आम्हीं सर्वांनीं माना डोलावल्या होत्या.

सहाच्या सुमारास ढग घाटांत उतरले. स्नेह्यानें मोठ्या अभिमानानें धुकेदिवा लावला, आणि त्याच क्षणीं आमच्यापुढें जणूं चुन्यानें सारवलेली भिंत उभी राहिली! रस्त्याची कड, कठडा, वळण, सारें नाहींसें झालें. घाट चढून येणाऱ्या एका मालमोटारीच्या चालकाचे डोळे त्या झोतानें दिपले, आणि ती आमच्यापासून दोन हातांवर येऊन कशीबशी थांबली. आतां चार शब्द ऐकून घ्यावे लागणार, अशी आमची अटकळ होती. परंतु तो गृहस्थ खालीं उतरला व शांतपणें म्हणाला, "साहेब, तेवढा दिवा विझवा, म्हणजे दोघांनाहि दिसेल."

दिवा विझविल्यानें दोघांना दिसावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटते. परंतु मोटारीच्या दिव्याचा इतिहास चाळून पाहतां आमची अशी खात्री झाली आहे कीं, त्या चालकाचें एक वाक्य म्हणजे या सबंध इतिहासाचें सार होय. उजेड वाढविण्याची विद्या माणसाला लवकर साधली. तो आवरण्याची विद्या साधण्यास मात्र फार काळ लागला. धुकेदिवा हें त्या दुसऱ्या विद्येचें अपत्य आहे. म्हणूनच त्याची दुरुस्ती ही वाटते तितकी सोपी बाब नाहीं.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहर हें या कथेचें माहेर म्हणावयास हरकत नाहीं. धातूवर विजेच्या साहाय्यानें रुप्याचा पातळ थर चढविण्याच्या पद्धतीचें पेटंट तेथील एल्किंग्टन घराण्यानें १८४० सालीं घेतलें, आणि त्याच शहरांत जोसेफ लुकस नांवाचा एक कष्टाळू मनुष्य हातगाडीवर घासलेट विकून पोट भरीत असे. घासलेट विकतां विकतां तो दिवे विकूं लागला व पुढें ते बनवूंहि लागला. १८७९ सालीं त्यानें सायकलीसाठीं जो तेलाचा दिवा काढला त्याला त्यानें 'रस्त्याचा राजा' असें ऐटबाज नांव दिलें. त्या राजाचा उजेड आजच्या मानानें पणतीहून फारसा अधिक नसेल. परंतु त्यामुळें स्वार इतरांना दिसत असे आणि कोणाचेहि डोळे दिपत नसत.

पुढें कॅल्शियम कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे आले. विजेच्या भट्टींत कार्बाइड बनविण्याची युक्ति १८९२ सालीं साधली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मोटारींच्या पुढें पितळी कार्बाइडचे दिवे झळकूं लागले. पाणी थेंबथेंब कार्बाइडवर पडावें, त्यांतून वायू निघावा, आणि तो पांढऱ्या ज्योतीनें जळावा, अशी ही रचना. ज्या लुई ब्लेरियोनें २५ जुलै १९०९ रोजीं विमानांतून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली, त्यानें आपल्या उड्डाणांच्या प्रयोगांसाठीं लागणारा पैसा मोटारींचे हेच दिवे विकून मिळविला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारीवर विजेनें गाडी सुरू करण्याची सोय व विजेचे दिवे हीं दोन्ही एकत्र आलीं, आणि पुढील दहाबारा वर्षांत विजेनें वायूला रस्त्यावरून हुसकून लावलें.

येथवरचा इतिहास उजेडाच्या वाढीचा आहे. परंतु विजेचा तंतु आणि अन्वस्त आकाराचा आरसा यांची गांठ पडतांच एक नवी आपत्ति उभी राहिली. अन्वस्त आरशाचा गुण असा कीं, त्याच्या नाभिस्थानीं ठेवलेल्या ज्योतीचे सारे किरण परस्परांस समांतर होऊन दूरवर जातात. ज्योत लहान असली तर झोत तितकाच नेटका होतो. कार्बाइडची ज्योत बोटाएवढी. विजेचा तंतु तांदळाच्या दाण्याएवढा. त्यामुळें झोत दूर गेला खरा, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांतहि गेला. दोन मोटारी रात्रीं समोरासमोर आल्या कीं, दोन्ही चालक क्षणभर आंधळे होऊं लागले.

यावर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळे उपाय योजिले. जर्मनींत १९२५ च्या सुमारास एकाच बल्बांत दोन तंतु बसविण्याची तऱ्हा निघाली: एक तंतु नाभीवर, दूरच्या उजेडासाठीं, दुसरा थोडा पुढें, खालीं धातूची वाटी घातलेला, खालच्या उजेडासाठीं. इंग्लंडांत याहून विलक्षण रीत होती. चालकानें कळ दाबली कीं उजव्या बाजूचा दिवा साफ विझे व डाव्या दिव्याचा आरसा विद्युच्चुंबकाच्या ओढीनें खालीं व कडेकडे कले. म्हणजे समोरच्या माणसाचा मान राखण्यासाठीं गाडी आपला एक डोळा मिटून घेई व दुसरा खालीं वळवी! आज ही रीत हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्यांतील सभ्यपणा हास्यास्पद नव्हता.

धुक्याचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे. क्षितिजसमांतर दृष्टि एक किलोमीटरच्या आंत अडली म्हणजे शास्त्रज्ञ त्याला धुकें म्हणतात. घाटांतल्या चालकाला तें दहा पावलांवर अडवितें. धुकें म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. मोठ्या दिव्याचा झोत त्यांवर आदळला कीं तो चहूंकडे विखुरतो आणि त्यांतला पुष्कळसा भाग पाहणाऱ्याच्याच डोळ्यांत परत येतो. तेव्हां दिवा जितका प्रखर तितकी ही भिंत अधिक पांढरी, आणि तिच्यामागचा रस्ता तितकाच अदृश्य. अंधारांत उजेड वाढविला असतां अधिक दिसतें हा आपला नित्याचा अनुभव. धुक्यांत तोच अनुभव आपल्याला फसवितो.

म्हणून १९३० नंतरच्या दशकांत जो खास धुकेदिवा प्रचारांत आला त्याची सारी रचना संयमाची आहे. तो रस्त्यापासून फूट-दीड फुटावर, चालकाच्या डोळ्यांच्या पुष्कळ खालीं बसवावयाचा. म्हणजे त्याच्या झोताची वाट व दृष्टीची वाट एक होत नाहींत, आणि विखुरलेला उजेड डोळ्यांत कमी शिरतो. त्याच्या बल्बापुढें धातूची लहानशी टोपी असते. तंतूचा जो उजेड आरशावर न पडतां सरळ बाहेर व वर जाईल, तो ती अडविते. कांचेवर उभ्या धारा ओतलेल्या असतात. त्या झोताला आडवा पसरवून रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवितात. आणि झोताची वरची कड चाकूनें कापल्यासारखी असावी लागते. या कडेच्या वर अंधार असणें हाच त्या दिव्याचा खरा गुण. इतर दिव्यांची किंमत ते कोठें उजेड पाडतात यावरून होते; धुकेदिव्याची किंमत तो कोठें पाडीत नाहीं यावरून करावी लागते.

पिवळ्या रंगाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण धुकेदिवा म्हणजे पिवळा दिवा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. लॉर्ड रॅले यानें १८७१ सालीं दाखवून दिलें कीं, हवेंतील अतिसूक्ष्म कणांमुळें निळा प्रकाश तांबड्याहून फार अधिक विखुरतो. आकाश निळें दिसतें तें यामुळेंच. त्यावरून अनेकांनीं असें अनुमान बांधलें कीं, निळा गाळून टाकलेला पिवळा उजेड धुक्यांतून आरपार जाईल. परंतु हा नियम प्रकाशलहरीहून लहान अशा कणांना लागू पडतो. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि लहान, तर धुक्याचा थेंब तिच्या कित्येक पट मोठा. गुस्टाफ मी या जर्मन पंडितानें १९०८ सालीं जें गणित मांडलें त्यावरून असें निघतें कीं, एवढ्या मोठ्या थेंबांपुढें पिवळा आणि पांढरा यांत फारसा भेद उरत नाहीं. दोन्ही सारखेच विखुरतात. तरीहि पिवळ्या दिव्यांचा पक्ष अगदींच पोकळ नव्हता. निळा भाग काढून टाकल्यानें चकाकी डोळ्यांस कमी बोचते, असा पुष्कळ चालकांचा अनुभव आहे. फ्रान्सनें तर १९३६ सालीं कायदा करून सर्व मोटारींचे पुढचे दिवे पिवळे ठरविले, आणि हा नियम १९९३ सालच्या आरंभापर्यंत टिकला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ फ्रेंच रस्ते रात्रीं केशरी-पिवळ्या उजेडांत न्हात होते. त्या काळची एखादी फ्रेंच गाडी पांढऱ्या दिव्यांनीं सजविली तर ती अधिक उजळ दिसेल. परंतु ती फ्रेंच राहणार नाहीं.

आमच्या स्नेह्याची गाडी मात्र इंग्लंडची, आणि इंग्लंडचें धुकें हें केवळ पाण्याचें नव्हतें. लक्षावधि घरांच्या चुलींत व कारखान्यांत जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर त्यांत मिसळलेला असे. टी. सी. जातीच्या गाड्या १९४५ ते १९४९ या पांच वर्षांत ॲबिंग्डन येथें सुमारें १०,००० बनल्या. त्यांतील जुन्यांत जुनी गाडी सात वर्षांची असतां, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पांच दिवसांत, लंडनवर तें भयंकर धुकें उतरलें. बसगाडीचा वाहक हातांत बत्ती घेऊन पुढें चालत आहे व चालक त्याच्या पाठोपाठ गाडी रांगवीत आहे, अशीं दृश्यें तेव्हां दिसलीं. त्या धुक्यानें सुमारें ४,००० माणसें नेहमींपेक्षां अधिक मेलीं असा हिशेब त्या वेळीं निघाला. मागाहून झालेल्या संशोधनांत हा आंकडा १२,००० पर्यंत गेला. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला तो याच आघातानें.

आणि येथें एक मोठा चमत्कारिक संबंध ध्यानांत येतो. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी दिव्यांचे आरसे पितळी पत्र्याचे असून आंतून त्यांवर रुप्याचा मुलामा असे. रुपें गंधकयुक्त वायूनें काळवंडतें, हें आपल्याकडे देव्हाऱ्यांतील तबक-निरांजन घासणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कोळशाच्या धुरांत गंधक भरपूर. म्हणजे ज्या धुरानें धुकें दाट केलें, त्याच धुरानें त्या धुक्यांत वाट दाखविणारा आरसाहि हळूहळू काळा केला! जुन्या दिव्याचें तपकिरीपण म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे. ज्या हवेंत तो जळला त्या हवेची ती नोंद आहे.

आतां प्रश्न असा कीं, हा दिवा दुरुस्त करावयाचा म्हणजे काय करावयाचें? नोंद म्हणून तो तसाच ठेवावा, तर रात्रीं गाडी चालवितां येत नाहीं. झळाळी द्यावी, तर खंडाळ्याच्या घाटांतील प्रसंग ओढवतो. आम्हांस वाटतें कीं, या पेचांतून सुटण्याचा मार्ग त्या वस्तूच्या रचनेंतच सांपडतो. मात्र ती रचना समजून घेण्याची तसदी घेतली पाहिजे.

प्रथम आरसा. स्वच्छ रुपें आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सुमारें ९५ भाग परत फेंकतें. ॲल्युमिनियम शेंकडा ९० च्या आसपास. आणि क्रोम, जें डोळ्यांना सर्वांत अधिक चकचकीत भासतें तें, शेंकडा ६० ते ६५ च. आमच्या कारखानदाराची पहिली चूक ती ही. चकाकी आणि परावर्तन या एक नव्हेत. क्रोम बाहेरच्या कड्यासाठीं उत्तम, कारण तें काळवंडत नाहीं. आंतल्या आरशासाठीं तें निरुपयोगी. दुसरें असें कीं, मुलाम्यापूर्वीं पत्रा यंत्रावर जोरानें घासला तर अन्वस्ताचा आकार बिघडतो, आणि आकार बिघडला म्हणजे झोताची ती कापलेली कडहि गेली. रुप्याचा थर अद्याप शाबूत असेल तर मऊ कापसानें हलक्या हातानें पुसणें एवढेंच करावें. पॉलिश लावून रगडूं नये, कारण थर अतिशय पातळ असतो. तो गेलाच असेल तर पोंचे हातानें काढून पुन्हा रुपेंच चढवावें. युद्धोत्तर काळांतील पुष्कळ दिव्यांत रुप्याच्या जागीं ॲल्युमिनियम आलें. निर्वात पेटींत ॲल्युमिनियमची वाफ करून ती आरशावर बसविण्याची ही विद्या मोटारवाल्यांच्या आधीं ज्योतिषशास्त्रज्ञांनीं गाजविली. अमेरिकेंत माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीचा आरसा १९३५ सालीं या रीतीनें लेपिला गेला. ज्या दिव्यास मुळांत ॲल्युमिनियम होतें त्याला तेंच द्यावें.

दुसरी कांच. वाळूच्या कणांनीं ती खडबडीत झालेली असते, परंतु तिच्यावरील उभ्या धारा शाबूत असल्या तर ती टाकूं नये. कोमट पाणी व साबण यांनीं पुष्कळदां काम भागतें. कांच आणि कडें यांच्यामधील रबरी पट्टी मात्र नवी घालावी, कारण आंत शिरलेलें दमट वारें नव्या रुप्याचाहि घात करतें.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांतच येत नाहीं. ती म्हणजे तार. बल्बास मिळणारा विजेचा दाब शेंकडा १० नें उतरला तर उजेड शेंकडा १० नें नव्हे, सुमारें ३० नें उतरतो. जुन्या गाडींत वीज परत जाण्याची वाट गाडीच्या सांगाड्यांतून असते, आणि सांध्यासांध्यांत गंज बसलेला असतो. आरसा मंद म्हणून ज्याला दोष देतों, त्यांतील अर्धा दोष पुष्कळ वेळां एका गंजलेल्या मळसूत्राचा असतो.

चौथा बल्ब. आरसा, टोपी आणि कांच या तिघांचें गणित एका विशिष्ट जागीं असलेल्या बारीक तंतूसाठीं मांडलेलें आहे. त्या जागीं निराळ्या आकाराचा, चहूंकडून चकाकणारा एल्. ई. डी. बल्ब बसविला तर उजेड पुष्कळ निघतो, परंतु तो आरशाच्या हिशेबाबाहेरचा असतो; वर जातो, बाजूला जातो, धुक्यांत भिंत बांधतो आणि समोरच्याचे डोळे फोडतो. शेवटीं दिवा योग्य खालीं रोखणें हें काम उरतें. गाडी सपाट जागीं भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करावी आणि झोताची वरची कड दिव्याच्या मध्यरेषेहून सुमारें चार इंच खालीं येईल असें करावें. एवढ्यासाठीं कारखान्याची गरज नाहीं. संध्याकाळ आणि एक भिंत पुरे.

यावर कोणी म्हणेल कीं, दीडवीत दिव्यासाठीं एवढी शास्त्रचर्चा कशाला? त्यांस आमचें उत्तर असें. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द पुण्यकर्मांत मोडतो. परंतु काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळांवर भडक तैलरंगांचे पट्टे ओढून झालेले जीर्णोद्धार गांवोगांव पाहावयास सांपडतात. भक्ति खरी, खर्च खरा, आणि हानिहि खरी. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद तयार झाली तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठींहि २०१२-१३ सालीं तुरीनची सनद मान्य झाली. मूळ वस्तु शक्य तितकी राखावी, केलेला बदल पुन्हा काढून टाकतां यावा, आणि काय केलें त्याची नोंद ठेवावी, असा तिचा मथितार्थ आहे. हे नियम राजवाड्यास जितके लागू तितकेच दिव्यास. वस्तु लहान असल्यानें तिच्यांतील विचार लहान होत नाहीं.

आणि येथें तर केवळ इतिहासाची हानि होत नाहीं. देवळावरील रंग कोणाचा जीव घेत नाहीं. चुकीनें उजळलेला धुकेदिवा घेऊं शकतो. जुन्या कारागिरानें त्या टोपींत, त्या धारांत व त्या कडेंत जी काळजी ओतून ठेविली होती ती समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाविषयींची होती. आपण ती समजून न घेतां दिवा उजळ केला, म्हणजे वस्तु राखली आणि तिच्यांतील माणुसकी मात्र खरवडून टाकली.

आमच्या स्नेह्यानें दिवा पुन्हा उघडला. क्रोम उतरवून रुपें चढविलें, तंतूचा साधा बल्ब बसविला, नवी तार सांध्यापासून थेट नेली, आणि अंगणांतील भिंतीपुढें तीन संध्याकाळ घालवून झोत खालीं आणला. उतरविलेला एल्. ई. डी. बल्ब व केलेल्या कामाची तारीखवार टांचणवही त्यानें गाडीच्या पेटींत ठेविली आहे. श्रावणांत आम्ही पुन्हा त्याच घाटानें उतरलों. ढग होतेच. पिवळसर उजेडाचा एक रुंद, बुटका पट्टा चाकांपुढें पसरला होता. त्यावर अंधार होता, आणि त्या अंधाराखालीं रस्त्याची कड दोन्ही बाजूंस स्पष्ट दिसत होती. वळणावर एक मालमोटार समोरून आली व गेली. तिच्या चालकानें आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. धुकेदिव्याची खरी परीक्षा ती एवढीच.